खासदार-आमदारांची सभागृहातली नोंद कशी वाचायची? मतदान, प्रश्न, हजेरी

कागदकिडा (धागाकर्ता)

अधिवेशन संपलं की नेमाने रंगीत तक्ते फिरायला लागतात. अमुक खासदार प्रश्नांत पहिला, तमुक हजेरीत नापास, आणि खाली "यांना पुन्हा निवडून द्यायचं का?" आकडा बहुधा खरा असतो. पण तो कशाचा आहे, हे तक्ता पुढे ढकलणाऱ्याला माहीत नसतं. मतदानापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे.

लोकसभेत काय किंवा विधानसभेत काय, बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष होयवाल्यांना विचारतात, नाहीवाल्यांना विचारतात, आणि बहुमत कोणाचं दिसतं ते जाहीर करतात. कोणी हरकत घेतली नाही की विषय संपला. कोण होय म्हणालं, कोण नाही म्हणालं, कोण त्या वेळी कँटीनमध्ये होतं, याची एक ओळही राहत नाही. त्यामुळे "आमच्या खासदाराने या कायद्याला मत दिलं होतं का?" याचं प्रामाणिक उत्तर बऱ्याचदा "नोंदच नाही" हे असतं.

नावानिशी नोंद होते ती मतविभागणी (होय-नाहीची प्रत्यक्ष मोजणी) झाली तर. एखाद्या सदस्याने अध्यक्षांच्या निर्णयाला हरकत घेतली की लॉबी रिकाम्या करायला सांगतात, घंटा वाजते, साडेतीन मिनिटांनी प्रश्न दुसऱ्यांदा मांडला जातो (लोकसभा नियम ३६७). घटनादुरुस्तीला अनुच्छेद ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत असं दोन्ही लागतं, म्हणून तिथे मोजणी टळत नाही.

एकाच वर्षातली दोन उदाहरणं घ्या. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती लोकसभेत ४५४ विरुद्ध २ ने मंजूर झाली. ती दोन मतं असदुद्दीन ओवेसी आणि औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांची, हे कोणीही कागद दाखवून सांगू शकतो. त्याच वर्षी २० डिसेंबरला फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं लोकसभेत आवाजी मतदानाने झाली. भारतीय दंड संहिता गेली, फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, पुरावा कायदा गेला. आणि त्यावर आपल्या मतदारसंघाचं मत काय पडलं, हे कुठल्याही कागदावर नाही.

शून्यप्रहर

उत्तम धागा. नियम ३६७ मधली एक मेख राहिली. मतविभागणीची मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं, तर ते सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून नुसती डोकी मोजू शकतात. तशा वेळी मतदारांची नावं नोंदवायची नाहीत असं नियमातच आहे. म्हणजे आकडा मिळाला तरी नाव मिळेलच असं नाही.

आणि मागणी मान्य झाली नाही तर? २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत कृषी विधेयकं आली, विरोधकांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपापल्या जागेवर नाहीत म्हणून उपसभापतींनी ती दिली नाही, विधेयकं आवाजी मतदानाने झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले, त्यात आपले राजीव सातवही होते. देशभर ज्यावर वर्षभर आंदोलन चाललं त्या कायद्यांवर राज्यसभेत कोणी कुठे मत दिलं, याची यादी अस्तित्वात नाही. तेव्हा कोणी कृषी कायद्यांच्या "मतदानाचा तक्ता" पाठवला तर तो पक्षाच्या जाहीर भूमिकेवरून केलेला अंदाज समजा.

ठाणेकर सुलभा

वाचनखूण साठवली. एक शंका आहे. मतविभागणी झाली आणि यादीत आपल्या खासदाराचं नाव ना होयमध्ये ना नाहीमध्ये, तर त्याला "तटस्थ" म्हणायचं का?

लघुलेखक

नाही, सुलभाताई. आकड्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत: सदस्य गैरहजर होता, हजर होता पण सभात्याग करून बाहेर गेला, आत बसून तटस्थ राहिला आणि तशी नोंद केली, आत बसून काहीच दाबलं नाही. यातली फक्त तिसरी गोष्ट यादीत दिसते, कारण तटस्थतेचं वेगळं बटण आहे. बाकी तिघांचं नाव सारखंच गायब.

सभात्याग ओळखायचा तर त्या दिवसाचा वृत्तांत (सभागृहातल्या बोलण्याची शब्दशः नोंद) उघडा. मधेच कंसातली, तिरप्या अक्षरातली ओळ सापडते: "या वेळी अमुक आणि इतर काही माननीय सदस्य सभागृहाबाहेर गेले." त्यात पुढाऱ्याचंच नाव असतं, बाकीचे "इतर काही". तेवढ्यावरून पक्षाचा सभात्याग कळतो, एकेका सदस्याचा नाही.

नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ९ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत ३११ विरुद्ध ८० ने ते मंजूर झालं तेव्हा शिवसेनेचे खासदार बाजूने होते. दोनच दिवसांनी राज्यसभेत त्याच पक्षाचे सदस्य मतदानापासून दूर राहिले. "शिवसेनेने पाठिंबा दिला" आणि "शिवसेनेने पाठिंबा दिला नाही" ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. सभागृह आणि तारीख लिहिली नाही तर दोन्ही अर्धवट.

आता बटणाचं. बाकावर प्रत्येकाच्या जागी हिरवं (होय), लाल (नाही), पिवळं (तटस्थ) बटण असतं. नुसतं रंगीत बटण दाबून मत पडत नाही. मत सुरू करण्याची कळ आणि रंगीत बटण एकाच वेळी, घंटेच्या एका टोलापासून दुसऱ्या टोलापर्यंत दाबून धरावं लागतं. मधला वेळ दहा सेकंदांचा. बोट लवकर उचललं, एकच कळ दाबली, किंवा दुसऱ्याच्या बाकावर बसला, की मत गेलं किंवा चुकलं. म्हणून निकाल जाहीर करताना अध्यक्ष नेहमी "दुरुस्तीच्या अधीन" असं म्हणतात. ज्यांचं मत नोंदलं गेलं नाही किंवा चुकीचं पडलं ते चिठ्ठी भरून देतात.

१७ डिसेंबर २०२४ ला "एक देश, एक निवडणूक"ची घटनादुरुस्ती मांडायची की नाही यावर नव्या इमारतीत पहिल्यांदा यंत्राने मतविभागणी झाली. फलकावर आधी २२० विरुद्ध १४९ असा आकडा आला. चिठ्ठ्या मोजल्यावर तो २६९ विरुद्ध १९८ झाला. जवळपास शंभर मतं चिठ्ठीवरची! त्या दुपारी फलकाचा फोटो काढून टाकणाऱ्यांनी १४९ चा आकडा पसरवला, तो अजून फिरतोय. यादी नेहमी वृत्तांतातली घ्या; चिठ्ठीने मत दिलेल्यांची नावं तिथे तळटीपेत असतात.

आकडेमोड

लघुलेखकांच्या प्रतिसादाला जोडून: त्या दिवशीचं मत विधेयक मांडण्यापुरतं होतं, त्याला साधं बहुमत पुरतं. "दोन तृतीयांश मिळालं नाही म्हणून सरकार हरलं" आणि "लोकसभेने घटनादुरुस्ती मंजूर केली" ही दोन्ही वाक्यं त्या आठवड्यात वाचली, दोन्ही चूक. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं.

याहून मोठा सापळा म्हणजे मतविभागणी नेमकी कशावर होती हे न पाहणं. एका विधेयकावर एका रात्रीत पाच-सहा मतविभागण्या होऊ शकतात आणि त्यातल्या बऱ्याच विरोधकांच्या दुरुस्त्यांवर असतात. दुरुस्तीवर "नाही" म्हणणारा सदस्य मूळ विधेयकाच्या बाजूचा असतो. यादीवर "मतविभागणी क्रमांक १" एवढंच दिसलं आणि आपण "नाही" म्हणजे विरोध असं धरलं, की अख्खी यादी उलटी लागते. वक्फ विधेयकाच्या वेळी (३ एप्रिल २०२५ च्या पहाटे, अंतिम आकडा २८८ विरुद्ध २३२) नेमका हाच घोळ काही तक्त्यांत झाला होता. यादीच्या वरची दोन पानं वाचा. अध्यक्ष "प्रश्न असा आहे की..." म्हणतात, त्याच वाक्यात विषय असतो.

पायरीवरचा

सगळं मान्य, पण मुळात मतदानाची नोंद एवढी चिवडून काय मिळणार? पक्षादेश (व्हिप) आला की माणूस बटण दाबतो. दहाव्या परिशिष्टानंतर, म्हणजे पक्षांतरबंदी आल्यावर, खासदाराच्या मताला त्याचं वैयक्तिक मत म्हणणं म्हणजे पोपटाला वक्ता म्हणण्यासारखं आहे.

आकडेमोड

पोपट आवडला. :) तरीही तपशील पाहू. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर अपात्रता. पण पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तर काही होत नाही. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट गेली, दोन तृतीयांश विलीनीकरणाची राहिली. त्यामुळे पक्षाच्या मताशी जुळलेलं मत फारसं काही सांगत नाही, हे बरोबर. पण न जुळलेलं मत आणि गैरहजेरी खूप काही सांगते. पक्षादेश असताना सदस्य आला नाही आणि पक्षाने नोटीसही काढली नाही, तर ते पक्षाच्या संमतीने झालंय असं बहुतेक वेळा धरायला हरकत नाही.

दुसरं, पक्षादेश सगळ्या मतदानाला लागत नाही. राष्ट्रपतिपदाची निवडणूक, राज्यसभेची निवडणूक, विधान परिषदेची निवडणूक ही सभागृहातली मतं नव्हेत. राज्यसभेला २००३ पासून मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेला मत गुप्त. १२ जुलै २०२४ ला ११ जागांसाठी १२ उमेदवार होते, काँग्रेसची मतं फुटली, शेकापचे जयंत पाटील पडले. कोण फुटलं याची नावं रोज छापून येत होती. ती सगळी कुजबुज होती. कुठल्याही आमदाराच्या नावापुढे "मत फोडलं" असं नोंद म्हणून लिहिता येत नाही.

शून्यप्रहर

आणि पक्षादेश कोणाचा, हाही प्रश्न महाराष्ट्रात सुटलेला नव्हता. जुलै २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन प्रतोदांनी (पक्षादेश काढतो तो प्रतोद) दोन उलट आदेश काढले, भरत गोगावले एकीकडे आणि सुनील प्रभू दुसरीकडे. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सुभाष देसाई प्रकरणात सांगितलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, आणि गोगावलेंना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. तेव्हा त्या काळातल्या मतांवर "पक्षादेश मोडला" असा शिक्का मारताना कोणत्या प्रतोदाचा आदेश ते लिहा.

कागदकिडा

त्याच आठवड्यातले आकडे बघा, शिकण्यासारखे आहेत. ३ जुलै २०२२, अध्यक्षपदाची निवडणूक: राहुल नार्वेकर १६४, राजन साळवी १०७. ४ जुलै, विश्वासदर्शक ठराव: १६४ विरुद्ध ९९. विरोधी बाजूची आठ मतं एका रात्रीत कमी. फुटले का? कळमनुरीचे संतोष बांगर तेवढे उघडपणे बाजू बदलून गेले. अशोक चव्हाण, विजय वडेट्टीवार असे काही जण मात्र दारं बंद झाल्यावर पोचले. घंटा थांबल्यावर दार उघडत नाही, मग माजी मुख्यमंत्री असले तरी. नोंदीत उशिरा आलेला आणि मुद्दाम न आलेला हे दोघे एकसारखेच दिसतात.

विधानसभेत अशा वेळी शिरगणती होते. सदस्य रांगेने एकेक उभे राहतात, मोजणी पुढे सरकत जाते. ३० नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने १६९, विरोधात शून्य, तटस्थ ४. ते शून्य म्हणजे विरोधक पटले असं नव्हे; भाजपने सभात्याग केला होता. आणि त्याआधी १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने झाला. काँग्रेस आणि शिवसेना मतविभागणी मागत राहिल्या, पण त्या दिवशी कोण कुठे होतं याची यादीच नाही. सरकार टिकणार की पडणार, एवढ्या मोठ्या प्रश्नावर!

वऱ्हाडी ठेचा

विधानसभेचं निघालंच आहे तर जनसुरक्षा विधेयक घ्या. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने झालं. नंतर रस्त्यावर उतरून विरोध करणारे बरेच पक्ष त्या दिवशी सभागृहात होते. उभं राहून स्पष्ट विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे विनोद निकोले यांनी. मतविभागणी झाली नाही, त्यामुळे बाकीच्यांचं मत शोधायला कागद नाही. निकोलेंचं मात्र वृत्तांतात आहे, कारण ते बोलले. आवाजी मतदान होणार हे माहीत असलेल्या सदस्यापुढे नोंद ठेवायचा तोच एक रस्ता उरतो: भाषणात "माझा या विधेयकाला विरोध आहे" एवढं वाक्य उच्चारणं.

उलट बाजूने, २० फेब्रुवारी २०२४ चं मराठा आरक्षणाचं विधेयक "एकमताने" झालं. एकमत म्हणजे सभागृहात असलेल्यांपैकी कोणी विरोध केला नाही, एवढंच. २८८ जणांनी मत दिलं असं नव्हे. पण फ्लेक्स सगळ्यांचे लागले.

ठाणेकर सुलभा

आता प्रश्नांबद्दल लिहा कोणीतरी. तक्त्यांत सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच असतं.

लघुलेखक

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तारांकितचं उत्तर तोंडी आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकितचं उत्तर लेखी, पटलावर (सभागृहाच्या मेजावर) ठेवलं की झालं. एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न लागतात, त्यात तारांकित फक्त एक. सूचना किमान पूर्ण १५ दिवस आधी द्यायची, मग चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. म्हणजे तारांकित प्रश्न लागणं यात नशिबाचा वाटा मोठा. राज्यसभेत १५ आणि १६०, आणि प्रश्नोत्तराचा तास तिथे २०१४ पासून दुपारी १२ ला.

यादीतल्या वीसपैकी तासाभरात मोजकेच प्रश्न तोंडी होतात. आठव्या क्रमांकाच्या पुढे ज्याचा प्रश्न आहे त्याने फारशी आशा ठेवू नये. उरलेल्यांची उत्तरं लेखीच.

आकडा फुगतो तो असा: सारख्या विषयावर आलेल्या सूचना एकत्र करतात, एका प्रश्नाखाली दोन-तीन, कधी त्याहून जास्त नावं येतात, आणि प्रत्येकाच्या खात्यात एक प्रश्न जमा होतो. शब्द न् शब्द सारखे प्रश्न वेगवेगळ्या राज्यांतल्या सदस्यांच्या नावावर दिसले, तर मजकूर कोणीतरी बाहेरून पुरवलाय हे ओळखा. त्यात बेकायदा काही असेलच असं नाही, बऱ्याच संस्था खासदारांना प्रश्न लिहून देतात. पैसे घेतले की मात्र प्रकरण वेगळं: २३ डिसेंबर २००५ ला प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदार घालवले गेले, त्यात महाराष्ट्रातले दोन होते.

संख्या सोडा, एक प्रश्न उघडून वाचा. चांगल्या प्रश्नात जिल्ह्याचं नाव, वर्ष आणि रक्कम मागितलेली असते: "गेल्या तीन वर्षांत अमुक योजनेखाली अमुक जिल्ह्याला मंजूर, वितरित आणि खर्च झालेला निधी, वर्षनिहाय." वाईट प्रश्न असा: "सरकार शेतकऱ्यांच्या कल्याणासाठी पावलं उचलत आहे काय, असल्यास तपशील?" याला मंत्रालय योजनांची दोन पानी जाहिरात जोडतं. मोजणीत दोन्ही एकच.

वऱ्हाडी ठेचा

आपल्या विधिमंडळाच्या उत्तरांची तर स्वतंत्र भाषा आहे. प्रश्न "(१) ... हे खरे आहे काय?" अशा पायऱ्यांत असतो आणि उत्तर:

(१) हे अंशतः खरे आहे.
(२) व (३) चौकशी करण्यात येत आहे.
(४) प्रश्न उद्भवत नाही.

"अंशतः खरे आहे" हे चार शब्दांच्या आतलं सगळ्यात मौल्यवान उत्तर. खात्याने घटना कबूल केली, फक्त आकडा किंवा तारीख चुकल्याचा आधार घेतला. चाणाक्ष आमदार पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न आकडा दुरुस्त करून लावतो. "हे खरे नाही" आलं तर प्रश्नाची तारीख-ठिकाण तपासा; बऱ्याचदा प्रश्न वर्तमानपत्राच्या कात्रणावरून घाईत केलेला असतो आणि गावाचं नाव किंवा महिना चुकलेला असतो. खातं मग तेवढ्या एका चुकीवर अख्खा प्रश्न उडवतं. उत्तर खोटं नसतं, प्रश्न ढिला असतो.

आमदाराची बाकी आयुधंही मोजा: लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा, विधानसभेत नियम २९३ चा चर्चेचा प्रस्ताव, परिषदेत नियम २६० चा, औचित्याचा मुद्दा, कपात सूचना (खात्याच्या मागणीत कपात सुचवणारी). यातली लक्षवेधी सगळ्यात वजनदार, कारण मंत्र्याला उभं राहून निवेदन करावं लागतं आणि तिथेच "निलंबित करू", "चौकशी लावू" असे शब्द निघतात. कपात सूचना शेकड्यांनी टाकल्या जातात, त्यांच्या संख्येवर भाळू नका.

पायरीवरचा

आणि ते "चौकशी लावू" पुढे कुठे जातं?

लघुलेखक

आश्वासन समितीकडे. मंत्र्याने सभागृहात "तपासून पाहू", "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं म्हटलं की ते आश्वासन धरलं जातं. संसदेत ते तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाहीतर मुदतवाढ मागायची. सदस्याची खरी चिकाटी मोजायची तर त्याच्या प्रश्नांतून किती आश्वासनं निघाली आणि त्यांचा त्याने पुढे पाठपुरावा केला का, ते बघा. कुठल्याच तक्त्यात हा रकाना नसतो, कारण तो हाताने भरावा लागतो.

आकडेमोड

हजेरीचं थोडक्यात. लोकसभेत वर्षानुवर्षं नोंदवहीत सही म्हणजे हजेरी होती. सही करून दहा मिनिटांत गेला तरी हजर धरायचे. मंत्री आणि विरोधी पक्षनेते हजेरी लावत नाहीत, मंत्री प्रश्नही विचारत नाहीत. म्हणून नागपूरच्या गडकरींपुढे रिकामा रकाना दिसला तर तो "शून्य" नाही, "लागू नाही" आहे. अध्यक्षांचंही तसंच, कुलाब्याच्या मतदाराने राहुल नार्वेकरांचे प्रश्न शोधत बसू नये, आणि अध्यक्षाचं मत फक्त समसमान मतं पडली तरच.

टक्केवारीचा छेद कोणता हेही पाहा. पोटनिवडणुकीत आलेल्याची टक्केवारी तो आल्यापासूनच्या बैठकांवर काढायची. नांदेडचे रवींद्र चव्हाण नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आले, त्यांना जून २०२४ पासून मोजणं चूक. निलंबनाचे दिवसही वेगळे काढा. १९ डिसेंबर २०२३ ला सुप्रिया सुळे आणि अमोल कोल्हे निलंबित झाले, त्या महिन्यात दोन्ही सभागृहांतून एकूण १४६ जण बाहेर होते. विधानसभेतून ५ जुलै २०२१ ला भाजपचे १२ आमदार वर्षासाठी निलंबित झाले; सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ ला ते निलंबन रद्द केलं. तो मधला काळ "गैरहजर" म्हणून टाकला तर माणसावर अन्याय होतो, पक्ष कुठलाही असो.

"चर्चेत सहभाग" या आकड्यात शून्य प्रहर (आयत्या वेळचे विषय मांडायचा वेळ), नियम ३७७ चे मुद्दे, विधेयकावरचं भाषण असं सगळं एकत्र असतं. नियम ३७७ चा मुद्दा अडीचशे शब्दांचा, आणि गोंधळाच्या दिवशी तो न वाचता पटलावर ठेवतात. न उच्चारलेलं भाषणही सहभागातच. वृत्तांतात अशा मजकुरावर "पटलावर ठेवले" अशी खूण असते.

खाजगी विधेयकांचं (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली): स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त १४ मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. सुप्रिया सुळेंचं कामाच्या वेळेबाहेर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं विधेयक २०१८ चं; गाजलं खूप, कायदा झाला नाही. मांडणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. विषय पुढे रेटायचा तो मार्ग आहे, त्यामुळे विषय बघा, संख्या नको.

गोंयकार

गोव्याचा एक मुद्दा. १० जुलै २०१९ ला काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार आणि १४ सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८ भाजपत विलीन झाले. अशा आमदाराची नोंद वाचताना पाच वर्षांची बेरीज निरुपयोगी. विलीनीकरणाच्या तारखेला रेघ मारा आणि अलीकडचं-पलीकडचं वेगळं वाचा. विशेषतः आधी कोणत्या खात्यावर टोचून प्रश्न विचारत होता आणि नंतर त्या खात्यावर गप्प झाला का. मंत्री झाला असेल तर गप्प होणारच, ते सोडून द्या.

टेम्सकाठ

अवांतर: ब्रिटनमध्ये सदस्य होय-नाहीच्या वेगवेगळ्या लॉबीतून चालत जातात आणि नावांची यादी त्याच दिवशी संकेतस्थळावर येते. तरी इथेही गैरहजेरीची कारणं यादीत नसतात, त्यामुळे त्यावरची भांडणं तशीच.

शून्यप्रहर

समित्यांवर कोणीच लिहिलं नाही! खात्यांशी संलग्न २४ स्थायी समित्या, प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठक बंद दाराआड, पण अहवालाच्या शेवटी परिशिष्टात प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त असतं आणि त्यात हजर सदस्यांची नावं. पटलं नाही तर सदस्य विरोधी टिपण जोडतो. पक्षादेशाच्या छायेबाहेर, स्वतःच्या सहीने लिहिलेलं मत वाचायचं असेल तर तिथे वाचा. पायरीवरचा यांच्या पोपटाला हे उत्तर. अडचण एवढीच की सतराव्या लोकसभेत जेमतेम १६ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली.

ठाणेकर सुलभा

हे सगळे कागद मिळतात कुठे? आणि आमदारांची हजेरी?

कागदकिडा

लोकसभा-राज्यसभेसाठी संसद डॉट इन. तिथे सदस्याच्या पानावर प्रश्न, चर्चा, खाजगी विधेयकं, हजेरी. मतांची यादी मात्र सदस्याच्या पानावर शोधू नका. तारीख धरून वृत्तांत उघडा, "मतविभागणी" शोधा, आणि शेवटची सुधारित प्रत असेल तर तीच घ्या, कारण असुधारित प्रतीत नावांचे घोळ असतात. सारांश हवा असेल तर पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ. राज्याची आणि देशाची सरासरी शेजारी देतात. विधिमंडळासाठी एमएलएस डॉट ओआरजी डॉट इन. प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि वृत्तांत तारखेनुसार मिळतात. मुंबईतल्या आमदारांच्या प्रश्नांवर प्रजा फाउंडेशनचा अहवाल असतो, त्याची गुणपद्धत आधी वाचा, मग क्रमांक.

आमदारांच्या हजेरीसाठी विधिमंडळ सचिवालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करा. इथे एक तांत्रिक गोष्ट: माहिती अधिकार कायद्याच्या कलम २८ खाली अध्यक्ष आणि सभापती हे सक्षम प्राधिकारी आहेत, ते स्वतंत्र नियम करू शकतात. म्हणून शुल्क आणि नमुना सचिवालयाचाच पाहून घ्या. राज्य सरकारच्या कार्यालयांना एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. सचिवालयाला लिहितानाही तेवढ्यात बसवलं तर परत यायचं निमित्त राहत नाही. मजकूर साधारण असा:

"दिनांक ___ ते ___ या कालावधीत झालेल्या विधानसभेच्या अधिवेशनातील बैठकांच्या एकूण संख्येची माहिती व क्रमांक ___ या मतदारसंघाच्या सदस्यांच्या हजेरीपटावरील स्वाक्षऱ्यांची दिनांकनिहाय साक्षांकित प्रत मिळावी."

"हजेरी का कमी आहे" असं विचारू नका. "का" हा माहितीचा प्रश्न नाही, तिथेच अर्ज फेटाळला जातो. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

वऱ्हाडी ठेचा

"दिनांकनिहाय"च्या पुढे "सत्रनिहाय" नको लिहू कोणी, एक अर्ज एक अधिवेशन. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठीही अर्ज मुंबईच्याच माहिती अधिकाऱ्याच्या नावे टाका. नागपूरचं सचिवालय अधिवेशनापुरतं बसतं, नंतर टपाल पडून राहतं.

ठाणेकर सुलभा

मसुदा घेतला. मतदारसंघाचा क्रमांक टाकते, नाव टाकत नाही. मधे पोटनिवडणूक झाली असेल तर दोघांच्याही सह्या येतील ना?

कागदकिडा

येतील. म्हणूनच क्रमांक.